आठवीचा वर्ग आणि पांढरा बैल

मु. सोनहळ्ळी, जि. बीदर
नागचौथ, ऑगस्ट २००७

चिरंजीव बालाजी यास,

कलाअक्काचे उदंड आशीर्वाद. आम्ही सगळी इकडं खुशाल हावोत असं पत्राच्या तोंडी लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं, खरं काय ते पुढं कळंलच. तुझी तब्येत कशी हाय? पित्त कमी झालं का? मागल्या बारीला आलास तवा लोकांना हसवायचा धंदा करणाऱ्या माणसाचं तोंड इतकं आंबट कसं, असं गल्लीतल्या बायका मला विचारायल्या होत्या. मी सांगितलं, त्याचं सगळं हसू कंपनीच घेऊन टाकती, घरी आणायला उरत न्हाई. सौ. मंगलला आशीर्वाद सांग. चि. ईशानची इंग्रजी शाळा बरी चाललीय ना? (तुझ्या ‘मराठी वाचवा’च्या भाषणात ईशानच्या शाळेचं नाव कधी चुकूनबी येत न्हाई, एवढी एक हुशारी तुझ्यात अप्पांची आलीय.)

फोन असताना पत्र कामून लिहायलेय असं म्हणशील. फोनवर तू ‘अक्का, मीटिंग हाय’ म्हणतोस अन् कापतोस. पत्र कापता येत न्हाई. फाडता येतं, पण फाडायला आधी हातात घ्यावं लागतं, अन् हातात घेतलं की तू वाचणारच, कारण तुझ्यावर कुणी काय लिहिलंय ते वाचल्याबिगर तुला घास गिळत न्हाई. शिवाय आज नागचौथ. भावाचा उपास. सकाळपासून पोटात काय न्हाई, ते तुझ्यासाठी. तू मागं तहसीलपुढं उपोषणाला बसलास, सकाळी दहाला बसलास अन् दुपारी लिंबूपाणी घेऊन उठलास, तर पेपरात चार कॉलमी फोटो, ‘सीमाभागाच्या वाघाचा अन्नत्याग’. (निघायच्या आधी चुलीपुढं बसून शेंगाच्या चटणीसंगट चार भाकरी हाणून गेलेला वाघ होता तो. ही बातमी पेपरवाल्याला मिळाली न्हाई, मीबी दिली न्हाई.) मी लग्नाच्या आधीपासनं दरसाल ह्या दिवशी उपाशी राहायलेय, माझ्या दारात एक फोटोवाला फिरकला न्हाई. बरोबरच हाय. माझी मागणी एकच, भाऊ सुखी राहू दे. एवढ्या बारक्या मागणीचा कोण फोटो काढतंय?

तू लिहितोस ती मालिका, ‘सासरेबुवा जोरात’, आम्ही न चुकता बघतो. म्हणजे लाईट असली तर. गुरुवारी नेमकी त्याच टायमाला लाईट जाती, अन् खरं सांगू का, आम्ही कुणी तक्रार केली न्हाई. चिटगुप्प्याची मावशी म्हणती तिकडं लाईट जात न्हाई. बिचारीचं वय झालंय, तिला हे सगळं सोसवत न्हाई. तुझे दाजी तर पहिल्या दिवशी घाबरलेच. तो सासरा खुर्चीवरून पडला की शंभर माणसं खदाखदा हसतात अन् एकबी माणूस दिसत न्हाई. दाजी मला म्हणाले, अगं त्या घरात एवढी माणसं दडून कामून बसलीत? मी समजावलं की ते हसू डब्यातलं असतं, विनोद झालेला हाय हे बघणाराला कळावं म्हणून वाजवतात. तवापासून ते वाजलं की दाजी मान हलवतात. (हसत न्हाईत. नुसती मान हलवतात, सोसायटीच्या मीटिंगीत ठराव पास केल्यासारखी.) सासरा मात्र हर गुरुवारी पडतोय. त्याला एक नीट खुर्ची घेऊन द्यायला कंपनीला काय होतंय, असं आपला मानकरी इरप्पा विचारायला होता. तुला विचारून सांगते म्हणलंय, तर कळव.

आता कामाचं. आपल्या गावची शाळा सातवीपर्यंत, हे तुला माहीत हाय, कारण तू त्याच्यावर भाषणं करतोस. आठवीला तालुक्याला जायचं. सकाळची बस येती तवा येती, संध्याकाळची येतच न्हाई. पोरं ट्रॅक्टरवर लटकून जातात, पोरी घरी बसतात. आमची मंजुश्री औंदा सातवी पास झाली, गणितात वर्गात पहिली. सासूबाई म्हणाल्या, चला, आईएवढी शिकली, झालं. त्यांनी हे कौतुकानं म्हणलं का मला टोचायला म्हणलं, ते मला अजून उमगलं न्हाई, पण टोचलं मात्र. मी सातवी झाले तवा अप्पांनी मला घरी बसवलं अन् तुझी सातवी झाल्यावर तुला तालुक्याला खोली करून दिली. तुझ्यावर राग न्हाई, तू तवा शेंबडा होतास. पण मंजुश्रीनं निकाल लागल्यावर पुस्तकं पुसून, फडक्यात बांधून फळीवर ठेवली, लग्नातलं लुगडं ठेवतात तशी, अन् मला एक शब्द बोलली न्हाई. मी गोठ्यात जाऊन रडले. हा विनोद न्हाई बालाजी, मी खरंच रडले. म्हशीनंबी वळून बघितलं.

तर तू त्यासाठी समिती काढलीस. ‘सीमाभाग मराठी शिक्षण व संस्कृती बचाव संयुक्त कृती समिती’. नाव इतकं लांब की बॅनरला दोन चादरी जोडाव्या लागल्या, त्यातली एक माझी होती अन् ती अजून परत आली न्हाई. समितीचं निवेदन तू वाचून दाखवलंस तवा मी पुढच्याच ओळीत बसले होते. त्यात राज्य होतं, भाषा होती, इतिहास होता, निजाम होता, दोन विद्यापीठं होती अन् एक नाट्यगृह होतं. आठवीचा वर्ग शेवटच्या पानावर ‘इतर किरकोळ’ ह्यात सापडला. मी शेजारणीला म्हणलं, बघ, आपली मंजी इतर किरकोळमधी हाय. ती म्हणाली, हाय न्हवं? मग झालं तर.

आमच्या आमदार साहेबांचं तर काय सांगावं. (नाव लिहीत न्हाई, तुला पित्त चढतं.) दरसाल बैलांच्या सणाला, कारहुणवीला, येतात अन् म्हणतात, पुढच्या वर्षी आठवी नक्की. इतक्या वर्षांत त्यांनी शब्द एकदाबी बदलला न्हाई, असा शब्दाचा पक्का माणूस मी बघितला न्हाई. तर जूनमधी तुझा फोन आला की औंदा आपण ‘हास्य सत्याग्रह’ करायचा. जगात पहिल्यांदाच, असं तू म्हणलास. आमदार आठवीचं बोलले की सगळ्या गावानं मोठ्यानं हसायचं. मला बाई पटलं. पण लगेच तू म्हणलास की गावच्या लोकांना टायमावर हसता येत न्हाई, त्यांना त्याची प्रॅक्टिस न्हाई, म्हणून मी मुंबईहून हसू पाठवतो. अन् खरंच पाठवलंस. बसच्या ड्रायव्हरकडं सीडी, वर लाल शाईनं लिहिलेलं ‘गर्दी, मोठे हसू’. (तुझ्या मालिकेत न खपता उरलेलं असणार. असू दे, घरचा माल.) ती मी मल्लेशकडं दिली. मल्लेश म्हणजे इरप्पाचा थोरला, लाऊडस्पीकरवाला, जो लग्नात नवरीच्या नावाआधी स्वतःच्या दुकानाचं नाव पुकारतो.

कारहुणवी तू मुंबईत विसरला असशील, म्हणून सांगते. (मागल्या भाषणात तू तिला पोळा म्हणलास. इरप्पा त्या दिवशी जेवला न्हाई.) वेशीत कडूलिंबाच्या डहाळ्यांची दोरी आडवी बांधतात, ती कर. बैल रंगवून, शिंगांना हिंगूळ लावून वेशीबाहेर उभे करतात, अन् हलगी वाजली की सोडतात. जो बैल पहिला कर तोडून आत येतो त्याच्या रंगावर औंदा कुठलं पीक चांगलं ते ठरतं. पांढरा आला तर ज्वारी, तांबडा आला तर तूर. हा मान इरप्पाच्या घराचा, दोरी त्यानंच बांधायची अन् निकालबी त्यानंच द्यायचा. सरकारी हवामानखातं काय बी म्हणू दे, सोनहळ्ळीत पेरणी इरप्पाच्या तोंडानं होती. त्याच्या घरची पोरंसुद्धा त्या दिवशी त्याच्यापुढं खोकत न्हाईत.

मल्लेशनं चार भोंगे बांधले, ते बरोबर वेशीच्या लिंबावर, बैलांच्या डोक्याच्या वर. कामून? तर वायर तिथवरच पुरली. आमदार साहेब आले, कडक इस्तरीचे पांढरेशुभ्र, टोपीपासनं चपलेपर्यंत पांढरे. स्टेजवर बोलायचं सोडून ते हातात माइक घेऊन खाली उतरले, कारण मागं बैल अन् पुढं आपण असा फोटो त्यांना पाहिजे होता. म्हणजे ध्यानात घे: मागं सोळा जोड्या बैल, मधी आमदार, पुढं वेस अन् वेशीत कर. हे सगळं बघून तुझ्या दाजींनी मला हळूच विचारलं की बालाजीनं हे पण लिहून पाठवलंय का. मी न्हाई म्हणलं. ते म्हणाले, मग काहीतरी चांगलं होईल.

साहेब बोलता बोलता आठवीवर आले. पुढच्या वर्षी नक्की, म्हणाले. अन् मल्लेशनं बटन दाबलं. बालाजी, घरात टीव्हीत ते हसू ऐकणं निराळं अन् चार भोंग्यांतनं डोक्यावर पडणं निराळं. शंभर मुंबईची माणसं एकदम आभाळातनं हसली. माणसं खाली बसली, लेकरं रडायला लागली, अन् बैल सुटले. हलगी न्हाई, इशारा न्हाई, काही न्हाई. साहेबांनी एकदाच मागं बघितलं. मग जे पळाले! इलेक्शनलाबी त्यांना कुणी असं पळताना बघितलं न्हाई. धोतर वर, माइक हातात, माइकच्या मागं तुटलेली वायर, वायरीच्या मागं इरप्पाचा तांबडा बैल, अन् वरनं तुझं मोठं हसू चालूच. अन् साहेब छाती काढून वेशीत शिरले ते कर तोडूनच आत. लिंबाच्या डहाळ्या गळ्यात घेऊन मारुतीच्या पारावर चढले तवा कुठं थांबले. तांबडा बैल त्यांच्या मागं दोन पावलांवर दुसरा आला. कुणाला खरचटलंबी न्हाई, देवाची कृपा. मल्लेश बैल धरायला धावला होता म्हणून सीडी बंद करायला कुणी न्हवतं, ती पुन्हा पुन्हा हसायली. शेवटी दाजींनी डब्याची वायरच उपटली.

आता पोलीस येणार, आता लाठी पडणार, असं वाटून मी मंजुश्रीला घट्ट धरलं. पण इरप्पाचं ध्यान तिकडं कुठं? तो तुटलेली दोरी हातात घेऊन वेशीत उभा, चेहरा असा गंभीर की बघवना. कर तुटली, तो म्हणाला. पहिलं कोण आलं? चार म्हातारी माणसं एका बाजूला गेली. एकजण म्हणाला बैल न्हवता. दुसरा म्हणाला कर तोडायला बैलच पाहिजे असं कुठं सांगितलंय, आजवर कुणी दुसरं शिरलंच न्हाई एवढंच. तिसरा म्हणाला, रंग बघा. रंग बघितला. वरून खालपर्यंत पांढरा, शंकाच न्हाई. इरप्पानं पारापुढं जाऊन आरोळी दिली, पांढरा पहिला, औंदा ज्वारी! (तुला हसू येत असंल तर आवर. इथं कुणी हसलं न्हाई. औंदा मी स्वतः दाजींना तूर कमी करून रान ज्वारीला ठेवायला लावलंय.)

आता पहिला आलेल्याचा मान असतो, तो काय चुकवायचा? हलगी वाजली. इरप्पाच्या बायकोनं, बाणूबाईनं, साहेबांच्या पायावर तांब्याभर पाणी घातलं, कपाळाला भंडारा लावला, गुलाल टाकला, अन् पुरणाची होळगी तोंडापुढं धरली, बैलापुढं धरतात तशी, तळहातावर. त्यांचा पीए ओरडायला लागला, पण साहेबांना गुलाल दिसला की हात जोडायची सवय, ते हात जोडून होळगी खाऊन मोकळे. वर कन्नडमधी म्हणाले, भाळ छंद अद, म्हणजे लई झकास हाय. त्यांना वाटलं हे सगळं ठरवून केलेलं स्वागत हाय, अन् पहिला आलो म्हणजे पुढच्या इलेक्शनचा शकून हाय. म्हणजे तुझा सत्याग्रह असा पार पडला की ज्याच्याविरुद्ध केला त्याची मिरवणूक निघाली.

पण रीत अजून संपली न्हवती. पहिल्या आलेल्या बैलाच्या मालकानं पुढं येऊन नारळ फोडायचा असतो. इरप्पा रीत सोडणारा माणूस न्हवं. त्यानं विचारलं, ह्याचा मालक कोण? पीएनं पक्षाचं नाव घ्यावं का न्हाई ह्याचा विचार चालवला. अन् माझ्या हातात ओवाळायचं ताट, डोक्यात मंजीची बांधलेली पुस्तकं, अन् पुन्हा एकदा ‘पुढच्या वर्षी नक्की’ असं मनात वाजलं, तर माझ्या तोंडातनं निघून गेलं: मालक आपणच की. पाच वर्षांच्या बोलीनं घेतलाय, औताला मात्र अजून जुंपला न्हाई.

बालाजी, गाव हसलं. बाणूबाई तर पाराच्या पायरीवरच बसली. सासूबाई, ज्या माझ्या लग्नातबी हसल्या न्हवत्या, त्या पदर तोंडात कोंबून हसल्या. मंजी हसली. मी ते ऐकलं अन् मला एकदम कळलं की तुझ्या डब्यातल्या हसण्याला काय कमी हाय ते. त्यात कुणाला ठसका लागत न्हाई. पण साहेब माझ्याकडं बघत होते, अन् बघता बघता तेबी हसायला लागले, पोट धरून. हे कुणी म्हणलं, विचारलं. मी पदर पुढं ओढला. तुझे दाजी मला वाचवायला पुढं आले अन् हात जोडून म्हणाले, साहेब, हिचा भाऊ मुंबईला टीव्हीत विनोद लिहितोय, त्याचंच हाय हे, ही नुसती पाठ म्हणती. (एवढ्या वर्षांच्या संसारात ते माझ्यासाठी पहिल्यांदा खोटं बोलले, म्हणून मी त्यांना काय म्हणलं न्हाई.)

झालं. साहेबांनी तिथंच सांगितलं की श्रावणात तालुकाभर सभा हायत, लोक भाषणाला येतात अन् झोपतात. तुमच्या भावाकडनं असलं चटकदार सहा-सात लिहून द्या, पंधरा दिवसांत आठवीचा वर्ग उघडतो, शिक्षण खात्याच्या साहेबाला आत्ताच फोन लावतो. अन् लावला. सगळ्यांदेखत लावला. मी घरी पळत आले अन् तुला फोन लावला. त्यावर तू काय म्हणलास ते तुला आठवत असंल, तरी लिहिते, कारण मला ते पाठ झालंय. ‘अक्का, हा तत्त्वाचा प्रश्न हाय. ज्याच्याविरुद्ध मी लढायलोय त्याची भाषणं मी लिहू? समितीला काय तोंड दाखवू? इतिहास मला माफ करणार न्हाई.’ मग तू इतिहासावर बराच वेळ बोललास, अन् मंजीचं नाव एकदाबी घेतलं न्हाईस, अन् मग तुझी मीटिंग आली.

मी त्या दिवशी चिडले होते, आता चिडले न्हाई. तत्त्व मोठी गोष्ट हाय. तिकडं मुंबईत फ्रीज असतात, तत्त्व ताजं राहत असंल. इकडं पोरगी एक वर्ष घरी बसली की दुसऱ्या वर्षी पाव्हणे बघायला येतात. पण इतिहासानं तुला माफ केलं पाहिजे, ते महत्त्वाचं. तर तू मनाला लावून घेऊ नको, पित्त होईल. पुढच्या कारहुणवीला ये, बॅनर आण, माझी चादर आण. सासरेबुवांना जपून बसायला सांग. उद्या पंचमी, झोका बांधलाय, तुझ्या नावानं नागोबाला दूध घालते अन् मगच तोंडात घास घालते. लिहिण्यात उणंअधिक झालं असंल तर सातवी पास बाईचं म्हणून पदरात घे.

तुझी,
कलाअक्का

ता. क. : दाजींच्या गुडघ्यासाठी पट्टा पाठव. पत्र त्यासाठीच लिहिलं, असं घरात सांगितलंय.

ता. क. दुसरा : खरं आता लिहिते. साहेबांना विनोद पोचलेत. सात. तुझ्या नावानं. मीच लिहिले, दुपारी भाकरी झाल्यावर चुलीपुढं बसून, अन् दाजींनी नेऊन दिले. परवा बाजाराच्या गावी साहेबांनी ते मांडवात वाचले. मी बायकांत बसले होते. ते माइकवर म्हणाले, ‘तुमच्या गावाला मी रस्ता कामून केला न्हाई? रस्ता केला की माणसं गाव सोडून जातात. केवळ प्रेमापोटी तुम्हाला अडवून धरलंय.’ मग म्हणाले, ‘जावई येतो अन् खाऊन जातो, मीबी येतो अन् खाऊन जातो. फरक एवढाच की जावई वर्षातनं एकदा तरी येतो.’ बालाजी, मांडव फुटायची वेळ आली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसायली, अन् हसता हसता साहेबांकडं बोट दाखवायली, अन् साहेब स्टेजवर हात जोडून उभे, खूश. तुझा हास्य सत्याग्रह झाला रं बाबा. सीडी लागली न्हाई, आमदारानं स्वतःच्या तोंडानं केला.

ता. क. तिसरा : आठवीचा वर्ग मागल्या सोमवारी उघडला. वीरण्णा मास्तरला तालुक्यावरनं पाठवलंय. खोली न्हाई म्हणून मारुतीच्या पारावर बसतात, पाऊस आला की देवळात. अकरा पोरी हायत. मंजी पुढच्या ओळीत बसती. गेल्या सोमवारी तिनं फळीवरचं फडकं सोडलं तवा सासूबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली, अन् मी पुन्हा गोठ्यात जाऊन रडले.

ता. क. चौथा, अन् विनंती हीच : बीदरच्या पेपरवाल्याला कुठनंतरी कळलंय. तो तुला फोन करील, ‘सीमाभागाचा वाघ आमदाराच्या गोठ्यात’ असं काहीतरी छापणार हाय. तू न्हाई म्हणू नकोस. व्हय, मीच लिहिले, असं सांग. तुझी समिती तुला काढून टाकंल, तुझ्या नावानं बोंब मारतील, मुंबईतबी चार लोक बोलतील, मला माहीत हाय. पण हे विनोद एका सातवी पास बाईनं आपल्यावरच लिहिलेत असं साहेबांना कळलं, तर त्यांना ते पुन्हा वाचून बघावेसे वाटतील, अन् त्या दिवशी वर्ग बंद होईल. अप्पांनी एकाला शिकवलं. आता त्या एकानं एवढं नाव खराब करून घ्यावं, अशी माझी इच्छा हाय. तुझ्यासाठी उपाशी बसून मागायलेय.

ता. क. शेवटचा : साहेबांना इलेक्शनसाठी आणखी सहा विनोद पाहिजेत, दिले तर नववीचं बघू म्हणतात. माझ्याकडं दोनच शिल्लक हायत, अन् दोन्ही तुझ्यावरचे हायत. देऊ का?